कुत्र्याच्या अंगावर गाठ हाताला लागली, तर डॉक्टरांकडे कधी न्यावे?

कुत्र्याला आंघोळ घालताना किंवा त्याचे पोट खाजवताना बोटांना एकाएकी काहीतरी वेगळे लागते. कालपर्यंत जिथे सपाट कातडी होती, तिथे वाटाण्याएवढा टणक दाणा असतो किंवा काखेत मऊसा गोळा असतो. अशा वेळी काही जण घाबरून थेट कर्करोगाचा विचार करतात, तर काही जण ‘चरबीची असेल’ असे म्हणून ती गाठ विसरून जातात. दोघांची चूक खरे तर एकच आहे. गाठ कसली आहे, हे दोघांनीही बोटांनी चाचपून ठरवलेले असते. अनुभवी पशुवैद्यसुद्धा केवळ पाहून आणि दाबून गाठीचा प्रकार खात्रीने सांगू शकत नाही, कारण पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच तो कळतो. म्हणून घरच्या माणसाने गाठीचे नाव ठरवण्याच्या फंदात पडू नये. ती लवकर सापडावी, तिची अचूक नोंद राहावी आणि डॉक्टरांकडे किती तातडीने जायचे याचा निर्णय योग्य व्हावा, एवढे त्याने पाहावे. या तीन गोष्टी नीट कशा करायच्या, ते येथे क्रमाने सांगितले आहे.

आधी खात्री करावी: ही खरोखर गाठ आहे का?

शरीराचेच काही भाग अनेकदा गाठ म्हणून पुढे येतात. सर्वांत जास्त गोंधळ स्तनाग्रांचा होतो. नर कुत्र्यालाही छातीपासून जांघेपर्यंत दोन रांगांत स्तनाग्रे असतात, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही, आणि केसांतून हाताला लागलेले ते बारीक टोक चामखीळ किंवा गोचीड वाटते. ते ओढून काढण्याचा प्रयत्न झाल्याची उदाहरणे आहेत, म्हणून आधी केस बाजूला करून उजेडात पाहावे आणि समोरच्या रांगेत साधारण त्याच जागी तसेच दुसरे टोक आहे का, हे तपासावे. छातीचे मधले हाड जिथे संपते तिथे कूर्चेचे एक टोक असते आणि बारीक अंगाच्या कुत्र्यात ते पोटाच्या सुरुवातीला स्पष्ट लागते. शेवटच्या बरगडीचे मोकळे टोक आणि डोक्याच्या मागच्या बाजूचा हाडाचा उंचवटा हेही असेच फसवतात. नर कुत्रा उत्तेजित झाल्यावर त्याच्या लिंगाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना गोल फुगवटे येतात आणि थोड्या वेळाने आपोआप ओसरतात. तीही गाठ नव्हे.

अंगाला चिकटून रक्त पिऊन फुगलेली गोचीड राखाडी, गुळगुळीत मण्यासारखी दिसते. भिंगातून पाहिल्यास कातडीलगत तिचे बारीक पाय दिसतात. गोचीड काढल्यानंतर त्या जागी काही दिवस छोटा टणक फोड राहू शकतो, पण तो दिवसेंदिवस लहान होत गेला पाहिजे. लस किंवा इंजेक्शन दिलेल्या जागीही थोडी सूज राहते आणि काही आठवड्यांत विरते. ती वाढू लागली किंवा महिना उलटूनही तशीच राहिली, तर मात्र इतर कोणत्याही गाठीप्रमाणेच तिच्याकडे पाहावे.

महिन्यातून एकदा संपूर्ण अंग चाचपावे

बहुतेक गाठी योगायोगाने सापडतात, म्हणजे उशिरा सापडतात. महिन्यातला एक दिवस ठरवून दहा मिनिटे दिली, तर हा उशीर टळतो. फिरून आल्यानंतर कुत्रा शांत पडलेला असतो, ती वेळ चांगली. हात कोरडे आणि गरम असावेत. बोटांच्या टोकांनी टोचत राहू नये. चारही बोटे सपाट ठेवून, आधी केसांच्या दिशेने आणि मग उलट दिशेने, कातडी खालच्या मांसावर किंचित सरकवत जावे, कारण कातडी हलली की तिच्याखालचा दाणा बोटाखालून निसटल्यासारखा लगेच जाणवतो. दाट केसांच्या कुत्र्याची तपासणी आंघोळीच्या वेळी, अंग ओले असताना, सर्वांत सोपी जाते.

सुरुवात तोंडापासून करावी. ओठ उचलून हिरड्या पाहाव्यात, शक्य असेल तर टाळू आणि जिभेची खालची बाजूही पाहावी. तोंडातली गाठ बाहेरून दिसत नाही. तिची पहिली खूण बहुधा तोंडाला येणारी दुर्गंधी, लाळेत दिसणारे रक्त किंवा एकाच बाजूने चावून खाण्याची नवी सवय ही असते. त्यानंतर दोन्ही कान आतून-बाहेरून, जबड्याखालचा भाग, गळा, खांदे, असे खाली उतरत यावे. काखेत हात घालताना पुढचा पाय थोडा पुढे घ्यावा, नाहीतर तिथल्या सैल कातडीच्या घडीत बोराएवढी गाठही लपून राहते. पायांवरून उतरताना प्रत्येक बोटाच्या बेचक्यात आणि नखाच्या मुळाशी पाहावे. मग पाठ, बरगड्या, पोट, जांघा, मांड्यांच्या आतल्या बाजू, आणि शेवटी शेपटी उचलून गुदद्वाराभोवतीचा भाग. नराचे दोन्ही अंडकोष हळूच चाचपावेत. एक दुसऱ्यापेक्षा मोठा किंवा टणक असेल, तर ते लक्षात घेण्यासारखे आहे. अंडकोष खाली न उतरता पोटात किंवा जांघेत राहिलेला असेल, तर त्यात गाठ होण्याचा धोका जास्त असतो.

मादीच्या बाबतीत स्तनग्रंथींना वेगळा वेळ द्यावा. साधारणपणे दोन्ही बाजूंना पाच-पाच ग्रंथी असतात. कुत्री कुशीवर किंवा पाठीवर पडलेली असताना प्रत्येक ग्रंथी अंगठा आणि पहिले बोट यांच्या चिमटीत हलकेच धरून फिरवून पाहावी. मागच्या दोन जोड्या विशेष काळजीने तपासाव्यात, कारण स्तनाच्या गाठी तिथे अधिक प्रमाणात होतात. तांदळाच्या दाण्याएवढा कणसुद्धा इथे महत्त्वाचा आहे. कुत्रीच्या स्तनांतील गाठींपैकी साधारण निम्म्या कर्करोगाच्या निघतात, आणि गाठ जितकी लहान असताना काढली जाते तितकी पुढची वाट चांगली असते.

याच फेरीत लसिकाग्रंथींच्या जागा ओळखीच्या करून घ्याव्यात. जबड्याच्या कोनाखाली, खांद्याच्या पुढे आणि मागच्या पायाच्या गुडघ्यामागे, या तीन जागी त्या दोन्ही बाजूंना असतात. निरोगी कुत्र्यात त्या लहान असतात आणि कधी कधी हाताला लागतही नाहीत. यांपैकी बऱ्याच ग्रंथी एकाच वेळी, दोन्ही बाजूंना, न दुखता सुजलेल्या लागल्या, तर ते लिंफोमाचे म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते. गोचिडांमुळे होणाऱ्या तापासारख्या आजारातही त्या सुजतात. दोन्ही शक्यतांत रक्ततपासणी आणि डॉक्टर लागतातच, म्हणून इथे वाट पाहण्यासारखे काही नसते.

एखाद्या जागी हात लावताच कुत्रा अंग चोरत असेल, वळून पाहत असेल किंवा गुरगुरत असेल, तर तिथे जोर करू नये. दुखत असताना अत्यंत मायाळू कुत्राही चावू शकतो. ‘इथे हात लावू देत नाही’ एवढे कळले तरी डॉक्टरांना पुष्कळ मदत होते.

सापडलेल्या गाठीची नोंद

‘थोडी वाढल्यासारखी वाटते’ या वाक्याचा दवाखान्यात फारसा उपयोग होत नाही, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. आमच्या जुन्या कुत्रीच्या मांडीवरची गाठ दर आठवड्याला हाताला लागत होती, आणि रोजच्या सहवासामुळेच तिची वाढ माझ्या डोळ्यांना दिसली नाही. सहा महिन्यांपूर्वीच्या एका फोटोत ती मांडी सपाट दिसली, तेव्हा कुठे आपण काय पाहिले नाही ते कळले. म्हणून मोजपट्टी घ्यावी. गाठीची लांबी आणि रुंदी मिलिमीटरमध्ये मोजावी, पट्टी शेजारी ठेवूनच फोटो काढावा आणि तारीख लिहावी. एक फोटो जवळून, तर दुसरा थोडा लांबून असावा, म्हणजे गाठ शरीरावर नेमकी कुठे आहे हे नंतर कळते. कागदावर कुत्र्याची दोन्ही बाजूंची ढोबळ आकृती काढून तिच्यावर खुणा करत गेल्यास, अंगावर पाच-सहा गाठी असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याचाही हिशेब चुकत नाही. ‘बोराएवढी’ आणि ‘लिंबाएवढी’ ही मापे बोलायला सोपी आहेत, पण दोन माणसांच्या मनातले बोर सारखे नसते.

मोजमापाचा आग्रह धरण्याचे आणखी एक कारण आहे. गोल गाठीचा व्यास १ सेंटिमीटरवरून २ सेंटिमीटर झाला, तर पाहणाऱ्याला ती दुप्पट झाल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात तिचे आकारमान आठपट झालेले असते.

मापाशेजारी पाच गोष्टी लिहाव्यात: गाठ कातडीत आहे की कातडीखाली सरकते, मऊ आहे, कणकेसारखी आहे की दगडासारखी टणक, तिच्यावरचे केस गेले आहेत का, रंग बदलला आहे का, आणि ती गरम लागते किंवा दुखते का. बोटांनी दोन्ही बाजूंनी धरून हलवल्यावर ती खालच्या मांसाशी किंवा हाडाशी रुतून बसल्यासारखी वाटली, तर तेही लिहावे. मात्र ही पाहणी एकदाच आणि हलक्या हाताने करावी, येता-जाता गाठ दाबत राहू नये.

कधी तत्काळ, कधी उद्या, कधी या आठवड्यात

काही सुजांच्या बाबतीत नोंद वगैरे करत बसण्याइतका वेळ नसतो. तोंड, ओठ किंवा पापण्या मिनिटांत सुजल्या आणि श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर ती कीटकदंशाची किंवा औषधाची तीव्र ॲलर्जी असू शकते. पोट ढोलासारखे फुगले आहे, कुत्रा उलटीसाठी जोर करतो आहे पण बाहेर काहीच येत नाही, अशी स्थिती पोटाला पीळ पडल्याची असू शकते आणि तिच्यात तासांचाही उशीर जीवघेणा ठरतो. बेंबीजवळची किंवा जांघेतली जुनी मऊ सूज, म्हणजे हर्निया, अचानक टणक, गरम आणि दुखरी झाली आणि उलट्या सुरू झाल्या, तर आतडे अडकलेले असण्याचा धोका असतो. ती सूज आत ढकलण्याचा प्रयत्न करू नये. फुटलेल्या गाठीतून येणारे रक्त स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सलग दाबून धरूनही थांबत नसेल, हिरड्या पांढुरक्या पडल्या असतील किंवा कुत्रा उभा राहू शकत नसेल, तर रात्र असो वा सुट्टी, लगेच निघावे.

त्याच किंवा दुसऱ्या दिवशी दाखवण्यासारख्या सुजा बहुधा संसर्गाच्या असतात. दोन-तीन दिवसांत वर आलेली, गरम, लाल, दुखरी सूज हे बहुतेकदा गळू असते, आणि त्यामागे चावल्याची जखम, रुतलेले कुसळ किंवा काटा असतो. कुत्र्याचे नेहमीचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०३ च्या वर गेले असेल आणि कुत्रा खात नसेल, तर थांबू नये. डोळ्याखाली येणारी सूज पुष्कळदा डोळ्याची नसतेच, ती वरच्या जबड्यातल्या मोठ्या दाढेच्या मुळाशी झालेल्या पुवाची असते. ती फुटते, बरी झाल्यासारखी वाटते आणि पुन्हा येते, कारण दाढेवर उपचार झालेला नसतो. कान झटकून झटकून कानाची पाळी रक्ताने फुगते, तेव्हा पाळीतले रक्त काढणे आणि कान ज्या कारणाने खाजत होता त्यावर उपचार करणे, दोन्ही लागते. जखमेत अळ्या दिसल्या, तर त्याच दिवशी न्यावे.

यानंतरचा गट माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो, कारण यातल्या गाठी दुखत नाहीत आणि कुत्रा मजेत खात-खेळत असतो. न दुखणे हे गाठ साधी असल्याचे लक्षण मुळीच नाही. अनेक कर्करोगाच्या गाठी सुरुवातीला अजिबात दुखत नाहीत. पुढील गाठी आठवड्याच्या आत दाखवाव्यात: काही आठवड्यांत स्पष्ट वाढलेली, कधी मोठी, कधी लहान होणारी, वरची कातडी फुटून भरून न येणारी, खाली रुतून बसलेली, स्तनात, अंडकोषात, तोंडात, गुदद्वाराजवळ किंवा नखाच्या मुळाशी असलेली. मोठ्या जातीच्या कुत्र्याच्या पायाच्या हाडावर टणक सूज आणि तिच्याबरोबर लंगडणे असेल, तर तो हाडाचा कर्करोग असण्याची शक्यता लक्षात घ्यावी लागते. तिथे मुका मार समजून आठवडेच्या आठवडे मालीश करत राहणे घातक ठरते. गुदद्वाराच्या खालच्या बाजूला, डावीकडे आणि उजवीकडे, कातडीआड असलेल्या गुदग्रंथींत होणाऱ्या कर्करोगात रक्तातले कॅल्शियम वाढू शकते. त्यामुळे कुत्रा खूप पाणी पिऊ लागतो आणि खूप लघवी करतो. तहान आणि शेपटीखालची गाठ यांचा संबंध जोडायचे सहसा कोणाला सुचत नाही, म्हणून येथे मुद्दाम सांगितले.

या तिन्ही गटांत न बसणारी गाठ असेल, तर एक सोपा नियम पाळावा, जो अनेक पशुवैद्य सांगतात: गाठ १ सेंटिमीटर किंवा अधिक असेल, अथवा महिनाभर टिकून राहिली असेल, तर तिची सुईने तपासणी करून घ्यावी. ‘थांबून पाहू’ असे म्हणायला हरकत नाही, पण त्या थांबण्याला तारीख हवी, आणि ती तारीख कॅलेंडरवर लिहिलेली हवी.

सर्वांत फसवी गाठ

मास्ट सेल ट्यूमर हा कुत्र्यांच्या कातडीच्या कर्करोगांपैकी सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे. त्याचे ठरावीक रूप नसल्यामुळे त्याच्याबद्दल थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. तो लाल, केसविरहित फोडासारखा दिसू शकतो, चामखिळीसारखा दिसू शकतो, किंवा कातडीखाली चरबीच्या गाठीसारखा अगदी मऊ लागू शकतो. बॉक्सर, पग, बोस्टन टेरियर, लॅब्राडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर या जातींत तो तुलनेने जास्त दिसतो, पण कोणत्याही जातीच्या किंवा मिश्र जातीच्या कुत्र्याला तो होऊ शकतो.

मास्ट पेशी ॲलर्जीच्या प्रतिक्रियेत भाग घेतात आणि त्यांच्यात हिस्टामाइनसारखी द्रव्ये साठवलेली असतात. गाठ चोळली, दाबली किंवा कुत्र्याने खाजवली की ही द्रव्ये बाहेर पडतात, आजूबाजूची कातडी लाल होऊन सुजते आणि काही तासांनी किंवा दिवसांनी सूज ओसरते. घरच्यांना वाटते, गाठ बरी होते आहे. प्रत्यक्षात आकाराचा हा चढउतारच धोक्याची सूचना असतो. हेच हिस्टामाइन रक्तातून जठरापर्यंत पोहोचले की आम्ल वाढते आणि अल्सर होऊ शकतात. म्हणून अंगावर गाठ असलेल्या कुत्र्याला उलट्या होऊ लागल्या किंवा डांबरासारखी काळी शी होऊ लागली, तर दोन्ही गोष्टी डॉक्टरांना एकत्र सांगाव्यात.

ज्या बहुतेकदा निरुपद्रवी निघतात

मध्यम वयाच्या आणि म्हाताऱ्या, विशेषतः वजन वाढलेल्या कुत्र्यांत चरबीच्या गाठी, म्हणजे लायपोमा, फार सामान्य आहेत. छाती, पोट आणि काख या त्यांच्या नेहमीच्या जागा. त्या मऊ, गोल आणि कातडीखाली सहज सरकणाऱ्या असतात. पण वर सांगितल्याप्रमाणे मास्ट सेल ट्यूमरही हुबेहूब असाच लागू शकतो. एका गाठीची तपासणी होऊन ती चरबीची निघाली, म्हणून नंतर आलेली दुसरी गाठही चरबीचीच, असे मानणे ही याच कुत्र्यांच्या बाबतीत हमखास होणारी चूक आहे. प्रत्येक गाठ स्वतंत्र तपासावी लागते.

तीन वर्षांखालील कुत्र्याच्या डोक्यावर, कानावर किंवा पायावर बटणासारखी गोल, लाल, केस गेलेली गाठ झपाट्याने वर येते. ती बहुधा हिस्टियोसायटोमा असते आणि दोन-तीन महिन्यांत शरीर तिला आपोआप जिरवते. तरुण कुत्र्याच्या तोंडात फ्लॉवरच्या तुऱ्यांसारख्या विषाणूजन्य चामखिळी येतात. त्या इतर कुत्र्यांना लागू शकतात, माणसांना लागत नाहीत, आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत ते काही महिन्यांत नाहीशा होतात. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या अंगावरच्या बारीक चामखिळी आणि तेलग्रंथींच्या गाठी बहुधा त्रास देत नाहीत. कठीण फरशीवर सतत बसणाऱ्या मोठ्या कुत्र्याच्या कोपरावर पाण्याची मऊ पिशवी तयार होते, तिला मुख्यतः जाड, मऊ अंथरुणाची गरज असते.

भटक्या कुत्र्यांमध्ये, आणि त्यांच्याशी संबंध आलेल्या पाळीव कुत्र्यांमध्ये, एक वेगळीच गाठ दिसते. जननेंद्रियावर लाल, ठिसूळ, फुलकोबीसारखे मांस वाढते आणि त्यातून थेंब थेंब रक्त येते. मादीमध्ये हे रक्त माजाचे समजून दुर्लक्ष होते. ही संसर्गजन्य लैंगिक गाठ, म्हणजे टीव्हीटी, एका कुत्र्याच्या जिवंत कर्कपेशी दुसऱ्याच्या अंगात रुजून पसरते. समागमाप्रमाणेच हुंगण्यातून आणि चाटण्यातूनही ती नाका-तोंडात जाऊ शकते. तिच्याबद्दल आवर्जून सांगण्यासारखी गोष्ट ही की, दर आठवड्याला शिरेतून दिल्या जाणाऱ्या व्हिंक्रिस्टिन या औषधाने ती बहुतेक कुत्र्यांत पूर्ण बरी होते. मात्र गाठ दिसेनाशी झाली म्हणून उपचार मध्येच सोडू नयेत.

डॉक्टरांकडे जाईपर्यंत काय करू नये

गाठ पिळू नये. केराटिनने, म्हणजे कातडी-केसांतल्या प्रथिनाने, भरलेली सिस्ट (कातडीतली बंद पिशवी) पिळली, तर आतला पांढरा, घट्ट पदार्थ बाहेर येण्याऐवजी कातडीखाली फुटतो आणि तिथे मोठी, दुखरी सूज येते. दोरा बांधून चामखीळ गळून पाडणे, सुईने टोचणे, तापवलेल्या लोखंडाने डागणे, आम्ल किंवा चुना लावणे, यांतले काहीही करू नये. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत, कारण आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल यांनी कुत्र्याला गंभीर विषबाधा होऊ शकते.

घरात पडून असलेले स्टेरॉइडचे मलम किंवा गोळी तर मुळीच वापरू नये. स्टेरॉइडने मास्ट सेल ट्यूमर आणि लिंफोमा तात्पुरते आकसतात. गाठ गेल्यासारखी वाटते, तपासणीत नेमके निदान निघत नाही आणि लिंफोमाच्या बाबतीत पुढच्या उपचारांचा परिणामही कमी होऊ शकतो. कुत्रा गाठ चाटत किंवा कुरतडत असेल, तर गळ्यात संरक्षक कॉलर घालावी. ओल्या जखमेवर स्वच्छ कापड सैल बांधावे. एवढे पुरे.

दवाखान्यात

नोंदवही आणि फोटो बरोबर न्यावेत. लांब केसांच्या कुत्र्याच्या गाठीजवळचे थोडे केस आधीच कापून ठेवावेत, कारण घरी चटकन लागणारी गाठ तपासणीच्या टेबलावर, कुत्रा ताठ उभा असताना, सापडत नाही आणि ‘इथेच होती’ म्हणत दोघेही शोधत बसतात.

सुईची तपासणी, जिला दवाखान्यात एफएनएसी म्हणतात, ऐकायला वाटते त्यापेक्षा खूप साधी असते. कुत्र्याला बहुधा भूल द्यावी लागत नाही. डॉक्टर दोन बोटांत गाठ स्थिर धरतात, लसीच्या सुईसारखीच बारीक सुई आत घालून दोन-चार वेळा मागेपुढे करतात आणि सुईत आलेला थेंब काचेच्या पट्टीवर पसरवतात. लायपोमा असेल, तर पट्टीवर तेलकट, न वाळणारे थेंब चमकतात. मास्ट पेशी असतील, तर रंग दिल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली जांभळ्या कणांनी भरलेल्या गोल पेशी दिसतात. इतके सगळे पाच-दहा मिनिटांत होते, आणि कुत्र्याला लसीच्या टोचणीइतकेच जाणवते. म्हणून ‘हात लावून चरबीचीच वाटते’ असे उत्तर मिळाले, तर सुईची तपासणी करता येईल का, असे नम्रपणे पण स्पष्ट विचारावे.

सुईत काहीच न येणे म्हणजे गाठ साधी असणे नव्हे. मऊ ऊतींच्या सार्कोमासारख्या (स्नायू, चरबी अशा ऊतींच्या कर्करोगासारख्या) काही गाठी पेशी सहज सोडत नाहीत. तिथे तुकडा काढून बायोप्सी करावी लागते. निदान गंभीर निघाले, तर जवळच्या लसिकाग्रंथींची तपासणी, छातीचे एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी आणि रक्ततपासणी सुचवली जाते. आजार किती पसरला आहे हे कळल्याशिवाय शस्त्रक्रियेचा निर्णय नीट घेता येत नाही, म्हणून या चाचण्या केल्या जातात.

‘कशाला टोचायचे, सरळ कापूनच टाकू’ असा विचार सोयीचा वाटतो, पण नेहमी बरोबर नसतो. साधी गाठ असेल, तर ती कडेने सोलून काढली की भागते. मास्ट सेल ट्यूमर असेल, तर भोवतालची निरोगी दिसणारी २ ते ३ सेंटिमीटर कातडी आणि खालचा एक थरही काढावा लागू शकतो. आधी निदान नसेल, तर पहिली शस्त्रक्रिया अपुरी होते आणि दुसरी, अधिक मोठी आणि अधिक अवघड, करावी लागते. स्तनाच्या गाठींचा मात्र अपवाद आहे. तिथे सुईने साधी की कर्करोगाची हा फरक खात्रीने कळत नाही, त्यामुळे पुष्कळदा गाठ काढूनच ती तपासायला पाठवतात.

तपासणीनंतर डॉक्टरांनी ‘फक्त लक्ष ठेवा’ असे सांगितले, तर किती दिवसांनी पुन्हा मोजायचे आणि किती मिलिमीटर वाढ झाली तर परत यायचे, हे त्याच वेळी विचारून लिहून घ्यावे. चरबीची म्हणून ठरलेली गाठही वेगाने वाढू लागली, टणक झाली किंवा काखेत असल्यामुळे चालताना अडथळा करू लागली, तर पुन्हा सुई घालून पाहावी आणि काढण्याचा विचार करावा. लहान असताना काढण्याची जखम छोटी असते.

काढलेली गाठ कधीही टाकून देऊ देऊ नये. ती फॉर्मॅलिनमध्ये घालून हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या ऊतितपासणीला, पाठवली जाईल, याची शस्त्रक्रियेपूर्वीच खात्री करावी. अहवाल आल्यावर त्यात गाठीचे नाव, तिची श्रेणी आणि कापलेल्या कडांमध्ये रोगट पेशी सापडल्या का, या तीन गोष्टी डॉक्टरांना समजावून सांगायला सांगाव्यात आणि अहवालाची प्रत आपल्याकडे ठेवावी. टाके निघाल्यानंतर पुढच्या महिन्याच्या तपासणीत त्या व्रणावरून आणि त्याला सर्वांत जवळच्या लसिकाग्रंथीवरून पहिला हात फिरवावा, मग उरलेले अंग.